मानेला वाक नाही

विक्रेता मात्सुमोतोचा, मराठी यंत्राची.
"ही वस्तू म्हातारी आहे. कृपया समजून घ्या.
मानेला वाक नाही.
पाठीवर पट्ट्याच्या बकलाची जखम आहे, दुखत नाही."
एकतीस फोटो. प्रत्येक ओरखड्याशेजारी
पोलादी पट्टी धरलेली, मिलिमीटरची.

आमच्याकडे स्थळ सांगून आलं तेव्हासुद्धा
कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

मी अंबडला, तपासणी खात्यात.
सतरा वर्षं बुशिंगचा आतला व्यास मोजते,
व्हर्नियर डाव्या हातात.
याच हाताला दुसाने बाईंनी दुसरीत
रुमालानं बाकाशी बांधलं होतं.
प्रसाद घेताना मामी अजून पुटपुटते,
उजवा गं, उजवा.

कॉलेज रोडच्या दुकानदारानं हात झटकले,
"डावखुरी ठेवत नाही मॅडम, गिऱ्हाईक कुठंय?
तारा उलट्या लावून देतो ना."
लावून घेतल्या.
मेरूच्या खाचेत जाड तार बसेना,
बारीक तार खडखडायची.
दुसऱ्याच्या चपला घालून
सप्तशृंगीच्या पायऱ्या उतरल्यासारखं.

मग रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत
येनचे रुपये करत बसले.
गिटार बेचाळीस हजार, विमानभाडं अकरा,
कस्टमवाले काय घेतील ते घेतील.
नवऱ्याला आकडा सांगितला.
त्यानं मनातल्या मनात त्याचं सोनं केलं
आणि पंख्याकडे बघितलं.

नऊ दिवस खोकं मुंबईत अडकलं.
प्रश्न आला, लाकूड कोणतं?
मी जपानला विचारलं. पहाटे उत्तर,
"बोटांची पाटी भारतीय शिसव. घरी स्वागत."
यंत्र चुकलं असेल.
नसेलही.
इथल्याच कुठल्यातरी डोंगरउतारावरून गेलेली
आता माहेरी येतेय,
तर जकात भरून.
भरली.

पोस्टमन खैरनार जिन्यातूनच ओरडले,
"बंदूक मागवली का काय, ताई?"
आत जपानी वर्तमानपत्रांचे बोळे.
एकेक उलगडून सपाट केला.
एका पानावर द्राक्षांची जाहिरात,
मणी एवढाले, खाली किंमत.
सासरे निफाडचे. चष्मा लावून तीनदा वाचली.
"ही एका घडाची?"
ते पान घडी करून त्यांनी खिशात घातलं.

तारा सैल होत्या. सोबत चिठ्ठी,
विमानात थंडी असते, मान ताणू नये म्हणून.

नियमात बसत नाही, पण त्या शनिवारी
व्हर्नियर घरी आणलं.
मेरूपाशी रुंदी: त्यानं लिहिलेली बेचाळीस पूर्णांक शून्य.
माझी बेचाळीस पूर्णांक शून्य.
पुन्हा मोजली. तेवढीच.
सतरा वर्षांत एकाही पुरवठादाराला
मी हात जोडले नव्हते.

तिसऱ्या पडद्यावर, दुसऱ्या तारेखाली
धातू झिजून खळगा पडलाय.
फोटोत होता, पण फोटोत तो फक्त खळगा होता.
कुणीतरी माझ्यासारखंच उलटं माणूस
वर्षानुवर्षं त्याच एका जागी येऊन थांबायचं.
माझं बोट आपोआप तिथं बसलं.
उजव्या हाताचं बोट.
त्यानं आता नुसतं दाबून धरायचं,
बोलायचं ते डाव्यानं.

अजून वाजत काहीच नाही.
दोन सूर धड येतात, तिसरा कण्हतो,
वरच्या मजल्यावरचे पगार काका टीव्ही मोठा करतात.

होसोमींना कळवायचं राहिलं होतं.
यंत्र अडखळू नये अशी छोटी वाक्यं केली.
पोचली.
जखम पाहिली. दुखत नाही.
मानेला वाक नाही.

आणि एक गोष्ट त्यांना सांगितली नाही,
सांगून यंत्रानं तिचं काय केलं असतं देव जाणे:
वाजवायला बसताना
मंगळसूत्र फिरवून पाठीवर टाकते.
पुढच्या माणसाला फोटो पाठवायची वेळ आली,
तर माझ्या नावावर
एकही ओरखडा नको.